मौनाची मुदत

लिफ्टमध्ये मी चुकीचा मजला दाबला आणि स्वल्पविराम काही न बोलता माझ्याबरोबर वर आला. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती, आम्हाला दोघांनाही खाली उपाहारगृहात जायचं होतं, आणि दार उघडलं तर समोर बंद कपाटांची रांग आणि फरशी पुसण्याचं एक यंत्र. त्या मजल्यावर कधी कुणी जात नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. "आपल्याला खाली जायचं होतं ना?" मी विचारलं. "हो." "मग मी वरचं बटण दाबलं तेव्हा बोलला का नाहीस?" त्याने चष्मा चढवला, पुन्हा काढला. "म्हटलं, तुमच्या मनात असेल काही." स्वल्पविराम म्हणजे आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या आमच्या मसुदा समितीचा सचिव. हे नाव त्याला मीच ठेवलं, कारण देशोदेशीच्या माणसांनी घसा बसेपर्यंत भांडून तयार केलेलं वाक्य हातात पडलं की तो आधी त्यातले स्वल्पविराम तपासतो. इतक्या वर्षांत त्याने माझी एकही चूक सोडलेली नाही. मंत्र्यांसमोर त्याने माझी तारीख दुरुस्त केली आहे. माझ्या वाढदिवसाच्या केकवरचं वाक्य त्याने सुरीच्या टोकाने दुरुस्त केलं आहे. आणि तोच माणूस आज, हातात माझ्यासाठी घेतलेली पाण्याची बाटली धरून, चुकीच्या मजल्यापर्यंत मायेने माझ्यासोबत आला होता. दार मिटलं, लिफ्ट खाली निघाली आणि तेवढ्या उतरण्यात मला स्वच्छ दिसलं: बाबा गेल्यापासून मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही.

आठवून पाहिलं, तर खरंच कुणीच नाही. बाबांची कायद्याची पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकू, असं मी फोनवर म्हटलं तेव्हा दादा "तू म्हणशील तसं" म्हणाला. हा तोच दादा, ज्याने लहानपणी खिडकीजवळच्या जागेसाठी माझ्या दंडाला चावा घेतला होता. जिन्यातला दिवा दिवसाही चालू राहू दे, असं मी शेजारच्या काकूंना सांगितलं, तर विजेच्या बिलावरून आख्ख्या इमारतीला धारेवर धरणाऱ्या काकू "राहू दे गं, राहू दे" म्हणाल्या. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं असतं तरी लोकांनी तो संपवून कप विसळून ठेवला असता. शोकाबद्दल मी बरंच वाचलेलं होतं. पुस्तकांत पोकळी असते, ओझं असतं, लाटा असतात. सगळं जग एकाएकी तुमच्याशी सहमत होतं, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी दिवसभर दारांना रेटा देत होते आणि दारं आधीपासूनच उघडी होती, आणि त्यामुळे माझा तोल जायचा, त्याला मी थकवा समजत होते.

बाबांना हे अजिबात सहन झालं नसतं. ते वकील होते आणि न्यायालयापेक्षा घरात जास्त वकील होते. आज उकडतंय म्हटलं की ते स्वेटरची बाजू घेत. एखाद्या पाहुण्याने त्यांच्या म्हणण्याला मान डोलावली, तर ते लगेच बाजू बदलून स्वतःविरुद्ध बोलायला लागत, आणि बिचारा पाहुणा कुठल्या बाजूने मान हलवावी या विचारात चहा गार करून बसे. "मला तुझं पटलंय, पण ते महत्त्वाचं नाही. तू मुद्दा मांड," हे वाक्य मी अक्षरओळख व्हायच्या आधी ऐकलं असेल. आई होती तेव्हा म्हणायची, "या घरात आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा पुराव्यानिशी सांगावं लागतं." मी या कामात आले तेव्हा बाबांना खरा आनंद कशाचा झाला असेल, तर जगभरातले नकार ऐकायला मिळणार याचा. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "आज कुणी नाही म्हटलं?" मग मी सांगायची. एक शिष्टमंडळ 'हा विचार फारच उद्बोधक आहे' म्हणालं की समजायचं, संपलं. दुसरं म्हणतं, आम्हाला राजधानीशी बोलावं लागेल, आणि मग त्यांची राजधानी चंद्रावर असावी इतका वेळ जातो. एक बाई आधी मनापासून हसतात, त्या हसल्या की परिच्छेद गेला. एक गृहस्थ आपल्या आजोबांची गोष्ट सांगतात, तिच्यात एक विहीर असते, आणि गोष्ट संपते तेव्हा आपण विहिरीत असतो. काही जण नुसते छताकडे बघतात. बाबा फोनवर खदखदून हसायचे आणि म्हणायचे, "छान. आता त्याच्या बाजूने बोल बघू." मी त्या विहिरीवाल्याच्या बाजूने बोलायची, आणि बोलता बोलता मला दिसायचं की त्याला कशाची भीती वाटते आहे. माझं सगळं कसब तिथून आलं. शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात मी त्यांच्या उशीवरून डॉक्टरांशी हुज्जत घातली आणि मग त्यांच्याकडे वळून म्हटलं, "बाबा, मी उगाच चिडले ना?" त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." परिचारिकेने यंत्रावरचे आकडे बघून जे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, ते मला तेव्हाच कळलं.

लिफ्ट थांबली. उपाहारगृहातला ताटांचा आवाज एकदम अंगावर आला, आणि त्या आवाजात मला दुसरी गोष्ट सुचली आणि माझे कान तापले. कारण वर, सभागृहात, त्या क्षणी आमचा परिच्छेद मौनावर होता. आमच्याकडे ही एक पद्धत आहे. वाद पुरेसे झाले असं वाटलं की अध्यक्ष वाक्य सगळ्यांपुढे ठेवतो आणि एक मुदत देतो. मुदतीच्या आत कुणी आक्षेप घेतला नाही तर वाक्य मंजूर. कुणी हात वर करत नाही, कुणी हो म्हणत नाही. नुसतं गप्प राहायचं. त्या अधिवेशनात अध्यक्ष मी होते आणि मुदत होती दुपारच्या सत्राच्या घंटेपर्यंत. वाक्य साधं होतं: सरकारच्या ताब्यातून बेपत्ता झालेल्या प्रत्येक माणसाचं काय झालं, हे त्याच्या घरच्यांना सांगणं त्या सरकारवर बंधनकारक राहील. दर अधिवेशनात हे वाक्य कुणी ना कुणी मारायचं. यंदा त्याला कुणी हातही लावला नव्हता. हसणाऱ्या बाई हसल्या नव्हत्या, विहीर निघाली नव्हती. सकाळपासून मी हवेत होते. मला वाटत होतं, जमलं, इतक्या वर्षांनी मला ही विद्या जमली. आणि हे सांगायला बाबा नाहीत एवढंच काय ते दुखत होतं.

"खरं सांग," मी स्वल्पविरामाला भिंतीकडे ओढत म्हटलं, "परिच्छेदावर कुणीच का बोलत नाहीये?" तो बाटलीचं झाकण उघडायला लागला. "चांगला झालाय परिच्छेद." "तुला चांगला वाटला असता तर तू त्यात अर्धविराम घातला असतास. बोल." मग त्याने सांगितलं, इकडेतिकडे बघत, एखाद्या मुलाने वर्गाचं गुपित फोडावं तसं. पहिल्याच दिवशी, मी येण्याआधी, थोरल्यांनी सगळ्या शिष्टमंडळांना चहाच्या टेबलापाशी गोळा केलं होतं. थोरले म्हणजे आमच्यातले सर्वांत वयस्कर राजदूत. या परिच्छेदाचा गळा आजवर सर्वांत जास्त वेळा त्यांनीच दाबला होता. ते म्हणाले, तिचे वडील गेले आहेत, या खेपेला तिला कुणी त्रास द्यायचा नाही. "आणि सगळ्यांनी ऐकलं?" "त्यांनी अशा आवाजात सांगितलं की..." स्वल्पविराम थांबला. "मीही ऐकलं. म्हणून तर वरच्या मजल्यावर आलो ना." मला आठवलं, त्या दिवशी थोरले माझ्या शेजारी येऊन बसले होते, टोपी मांडीवर ठेवून, बराच वेळ, एक अक्षर न बोलता. मला ते फार बरं वाटलं होतं. आताही वाईट वाटलं असं नाही. पण मानेमागून काहीतरी सरसरत वर चढलं. भीती असावी असं आधी वाटलं, मग कळलं, ती हुशारी होती, अंगात हुशारी येत होती, कितीतरी आठवड्यांनी. वाक्य जिंकलं नव्हतं. वाक्याचं सांत्वन चाललं होतं.

गप्प बसणं सगळ्यांत सोपं होतं. घंटा वाजेपर्यंत सँडविच खायचं आणि मग हातोडी आपटायची. मी सँडविच घेतलंही, आणि ते हातात धरून सरळ प्रेक्षकांच्या सज्जाकडे जिना चढले, कारण तिथे बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, निवृत्त, थोरल्यांच्याच देशातल्या. त्यांचा नवरा छापखान्यात काम करायचा. त्याला एका सकाळी चौकशीसाठी नेलं, आणि त्यानंतर तो जिवंत आहे की नाही हे बाईंना कुणीही सांगितलेलं नाही. असे घरचे लोक मिळून एक संघटना झाली आहे, आणि तिच्या वतीने दर अधिवेशनाला बाई येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि आमचे मसुदे लाल पेनाने तपासतात. त्या परिच्छेदाला त्यांनी सकाळी दहापैकी सात दिले होते. तीन का कापले असं विचारल्यावर म्हणाल्या, "सांगणं बंधनकारक म्हणता, पण कोणी सांगायचं, कधी सांगायचं, कुठे आहे ते? मुलं असंच मोघम लिहितात, अभ्यास झाला नसला की."

"बोला, पण आटपा," त्या म्हणाल्या, "मला घंटेच्या आधी चहा घ्यायचाय." मी सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे तुमचे वडील गेले म्हणून माझं काम होतंय." "तसंच म्हणायचं." "त्यांचे आभार मानायला हवेत." "बाई, मी थोरल्यांकडे चालले आहे. त्यांना सांगणार आहे की काय आक्षेप असेल तो घ्या." "नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं साफ चुकतंय." काय सांगू, मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा भिंतीला हात लागला होता. "तुम्हाला दया नको असेल, ते मला कळतं," बाई पुढे म्हणाल्या, "पण तो तुमच्या घरचा प्रश्न झाला. मला वाक्य हवंय. ते दयेने आलं काय, कंटाळ्याने आलं काय, मला त्याचं सोयरसुतक नाही. माझ्या वाक्यावर तुम्ही तुमचा स्वाभिमान कशाला पारखता?" बिनतोड होतं. माझं डोकं विलक्षण वेगाने चालत होतं. "पण ते टिकेल का?" मी विचारलं. "थोरल्यांच्या या गप्प बसण्याचा तुमच्याकडे अर्थ काय होतो?" आणि इथे बाईंचा चेहरा बदलला. "आमच्याकडे आहे तसं," त्या सावकाश म्हणाल्या. "घरचं माणूस गेलं की वर्षभर त्या घराला कुणी नाही म्हणत नाही. माझ्या मावशीने मावसोबा गेल्यावर दिराची दुभती गाय मागून घेतली होती. त्याने मुकाट्याने आणून बांधली." "मग?" "मग काय. वर्ष संपलं त्या सकाळी दीर दोर घेऊन दारात उभा." "आणि गाय?" "गेली. मावशी उंबऱ्यात बसून त्याला शिव्या घालत होती आणि तो शांतपणे गाय सोडत होता. सगळ्या गल्लीला ते बरोबरच वाटत होतं."

सज्जात दुसरं कुणी नव्हतं. खाली कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं. मला वाटलं, बाई आता म्हणतील, जा, बोला थोरल्यांशी. पण त्या भलतंच बोलल्या, आणि इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "मला कुणी गाय आणून दिली नाही." "माझ्याशी सगळे भांडले. घरमालक भांडला, शाळा भांडली, निवृत्तिवेतनाचा कारकून तर अजून भांडतो. दीर भांडले. ते वर्ष मला कुणी दिलंच नाही. देणार कसं? दिलं तर तो गेला हे कबूल करावं लागेल." त्या उठल्या. पदर सावरावा तसा त्यांनी गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा सावरला. "चला." "कुठे?" "त्यांच्याकडे. तुम्हाला ते नाही म्हणू शकत नाहीत. मला म्हणू शकतात का, बघू."

जिना मी भराभर उतरले. एखाद्या लहान मुलीला मोठ्यांच्या खोलीत भांडण ऐकू यावं आणि तिने धावत जाऊन पडद्याआड उभं राहावं, तसं काहीतरी. आमच्या घरी बाबांचे अशील यायचे तेव्हा मी अशी उभी राहायची; शब्द कळायचे नाहीत, पण कुठल्या वाक्यानंतर खोलीतली हवा बदलते ते कळायचं. प्रतिनिधींच्या विश्रामगृहात थोरले खिडकीपाशी एकटे बसून पेअर सोलत होते, साल न तुटू देता. आम्हाला बघून ते उठले. बायकांना बघून उठणाऱ्या पिढीतले ते. "बसा." "नंतर," बाई म्हणाल्या. त्यांच्या भाषेत नाही, सभागृहाच्या भाषेत, मलाही कळावं म्हणून. "परिच्छेदाला तुमचा विरोध आहे ना?" थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अध्यक्षांच्या घरी..." "त्यांचं राहू द्या. त्यांनी काही मागितलेलं नाही. मी मागते आहे. हे वाक्य मला हवंय. मला नाही म्हणा." थोरल्यांनी सुरी पुन्हा पेअरला लावली. "का? म्हणता येत नाहीये?" बाईंचा आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, पण चढलेला नाही. "माझ्या घरचं कुणी गेलंय का? गेलं असेल तर तसं सांगा, आणि आजपासून माझं वर्ष सुरू करा."

साल तुटली. ती बशीत पडताना मी बघितली. नकाराच्या सगळ्या तऱ्हा मला ठाऊक होत्या, थोरल्यांच्या तर विशेषच: ते कधी 'तत्त्वतः' म्हणून नाकारत, कधी नुसता चष्मा घडी करून. त्यांतली एकही त्या वेळी त्यांच्या कामाची नव्हती. नाही म्हणावं, तर छापखान्यातला माणूस जिवंत असल्याची जबाबदारी येत होती. गप्प राहावं, तर तो मेल्याची. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले, एकेक बोट. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्याच्या मरणाशी मी उभी होते आणि मला जिवंत वाटत होतं. मग ते म्हणाले, "नाही. आम्हाला हे मान्य नाही." "का?" बाईंनी लगेच विचारलं, जणू पाढा पुढे चालवायला सांगावं तसं. "कारण ते आम्हाला करता येणार नाही. काय झालं ते सांगणं बंधनकारक! काय सांगू? बाई, आम्हाला माहीत नाही." ते थांबले. "कागद जाळून टाकले. ज्यांनी माणसं नेली, त्यांतले निम्मे मेले, उरलेले विसरले किंवा विसरल्याचं सोंग करतात. मी स्वतः दोनदा विचारून पाहिलं. मला माहीत नाही, मंत्र्यांना माहीत नाही, माहीत असलेलं कुणी सापडत नाही. आणि जे माहीत नाही ते सांगण्याचं बंधन मी डोक्यावर घेतलं, तर उद्या कुणीतरी खोटं रचून सांगेल. तुम्हाला एक जागा दाखवतील, तुम्ही तिथे फुलं ठेवाल. तुमचा माणूस तिथे नसेल."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली, पण बसल्या नाहीत. "एवढं मला आजवर कुणी का सांगितलं नाही?" "काय?" "हेच. माहीत नाही म्हणून. मी दर महिन्याला अर्ज करते." "उत्तर द्यायचं नाही असा आदेश होता." "कुणाचा?" थोरल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "एके काळी माझाही."

यानंतर जे झालं ते तिथल्या वेटरला भांडणच वाटलं असणार, कारण त्याने येऊन दार लावून घेतलं. मी म्हटलं, माहीत नाही हेच सांगायला काय हरकत आहे? थोरले म्हणाले, कुठलंही सरकार आपण अडाणी आहोत असं लिहून देत नसतं. मी म्हटलं, मग शोधण्याचं बंधन घ्या, सापडण्याचं नको. ते म्हणाले, हे म्हणजे दवाखान्याचं बिल घ्यायचं आणि औषध द्यायचं नाही, बाईंना विचार चालेल का. बाई म्हणाल्या, बाईंना काय चालतं ते बाई बघतील. मी आवाज चढवला. मी त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडून दाखवली आणि मग ती मोडली, आणि थोरले टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुला काडीचं कळत नाही. तू तुझ्या त्या व्यासपीठावर बसून वाक्यं जुळवतेस, मला घरी जाऊन लोकांना तोंड दाखवायचं असतं." ते 'तू' कानावर पडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही, बोलतच राहिले. थोरल्यांनी ते पाहिलं आणि क्षणभर थबकले, आणि मला वाटलं, संपलं, आता पुन्हा मऊ होणार. "थांबू नका," मी म्हटलं. "माझे वडील असते तर न भांडणाऱ्या पाहुण्याला त्यांनी चहा दिला नसता." ते हसले, पहिल्यांदाच, एका बाजूचा दात नव्हता ते दिसलं. "मग ऐक," ते म्हणाले, आणि दुप्पट जोराने तुटून पडले. आमच्या तिघांच्या झटापटीतून वाक्य निघालं. कुणाचं म्हणून सांगता येणार नाही. प्रत्येक सरकारने आपल्या ताब्यातून बेपत्ता झालेल्या प्रत्येक माणसाचा शोध घ्यावा, शोध घेणारा अधिकारी नेमून त्याचं नाव घरच्यांना कळवावं, जे कळेल ते त्याने घरच्यांना समोर बसवून सांगावं, आणि जे कळलं नाही तेही. बाईंनी ते माझ्या सँडविचच्या कागदी वेष्टणावर लिहून घेतलं आणि लाल पेन काढलं. "आठ," त्या म्हणाल्या. "साडेआठ द्या की," थोरले म्हणाले. "मी अर्धे गुण देत नाही."

घंटेला मिनिटभर अवकाश होता. सभागृहात माणसं आपापल्या जागी येत होती, पोट भरलेली, मला बघून मायेने मान लववणारी. मी मुदत संपत आल्याचं जाहीर करायला तोंड उघडलं आणि थोरल्यांनी, बोलायची परवानगी मागताना करतात तशी, आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी केली. सगळ्या रांगांतून एक धक्का सरकत गेल्यासारखा झाला. ज्याने सगळ्यांना गप्प केलं तोच बोलत होता. त्यांनी आक्षेप नोंदवला, कारण सांगितलं, जे विश्रामगृहात सांगितलं तेच: आम्हाला माहीत नाही. मग नवं वाक्य वाचलं. त्यांचे शेजारी त्यांच्याकडे, ते आजारी असावेत अशा नजरेने बघत होते. मी तेच वाक्य पुन्हा मौनावर ठेवलं, पण या वेळी इथेच, सगळे बसलेले असताना, पुढच्या घंटेपर्यंत. "असा शिरस्ता नाही," स्वल्पविराम माझ्या कानाशी म्हणाला. "तुमचं चुकतंय." "थँक यू," मी म्हटलं. तो गोंधळला, पण मुदत लिहून घेतली.

तसं मौन मी पूर्वी कधी ऐकलेलं नाही. एरवी मुदत चालू असते तेव्हा लोक कॉफी पीत असतात, घरी फोन करत असतात. गप्प राहणं कुणाला दिसत नाही. इथे ते खोलीभर बसलं होतं. कुणाची तरी खुर्ची करकरली. थोरले दारापाशी जाऊन फोनवर बोलत होते, पाठमोरे, मान एकदाही न हलवता. त्यांच्या राजधानीने नाही म्हटलं असतं, तर बाईंचं सातांचं वाक्यही गेलं असतं आणि आठांचंही, आणि ते मी घालवलं असतं. हे मला तिथे बसल्याबसल्या थंडपणे कळत होतं, आणि तरीही भीतीच्या खाली ती उकळी होतीच. आता बाबांनी विरुद्ध बाजू घेतली असती आणि विचारलं असतं, दुसऱ्या बाईच्या नवऱ्यावर तू पैज लावलीस? आणि मी मुद्दा मांडला असता, आणि तो पुरला नसता. हसणाऱ्या बाईंनी आपली पाटी उचलली. अर्ध्यावर धरून ठेवली. सज्जाकडे पाहिलं, तिथे बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या, आणि पाटी हळूच आडवी ठेवली. विहिरीवाले गृहस्थ छताकडे बघत होते. थोरले परत आले, जागेवर बसले, फोन उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. इतक्या वर्षांच्या सवयीने मी प्रयत्न केला आणि आलं नाही.

घंटा वाजली. कुणी काही बोललं नव्हतं. वाक्य मंजूर होतं. मी हातोडी उचलली, तेवढ्यात थोरल्यांनी ध्वनिक्षेपक सुरू केला. स्वल्पविरामाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. "माझ्या सरकारला हे वाक्य मान्य आहे," थोरले म्हणाले. "मौनाने नव्हे. मी हे बोलून सांगतो आहे आणि ते तसंच नोंदवलं जावं. दिलेलं परत मागायला आमच्यापैकी कुणी येणार नाही." सभागृहात कुणालाच काय करायचं ते कळेना, कारण मौनावर ठेवलेल्या वाक्याला आजवर कुणी हो म्हणालेलं नव्हतं. "होकार कुठे लिहू?" स्वल्पविरामाने घाबरून विचारलं. "त्याला रकानाच नाही." "पाड," मी म्हटलं.

मग सत्र पुढे चाललं, दुसरे विषय निघाले, माणसं बोलायला लागली, आणि दुसऱ्याच परिच्छेदावर एकदम तीन पाट्या उभ्या राहिल्या. मी त्यांना क्रम देत होते, पण माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं. बाई सज्जातून खाली आल्या होत्या. प्रेक्षकांना सभागृहात येता येत नाही. दारावरच्या रखवालदाराने हात आडवा केला, आणि थोरले स्वतः उठून त्यांना आत घेऊन गेले, शेवटच्या रांगेमागे, जिथे दुभाष्यांच्या काचेच्या खोल्यांखाली दोन जास्तीच्या खुर्च्या पडलेल्या असतात. या वेळी बाई बसल्या. मला माझं सगळं माहीत आहे, असं माझ्या मनात आलं: कुठली खाट, खिडकीतून कसला उजेड, माझ्या हातात त्यांचा कुठला हात, कोण होतं, कोण पोचू शकलं नाही. दादाने पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि मी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. एवढं सगळं माझ्यापाशी होतं, आणि मी ते ओझं म्हणत होते. मागे बाईंनी मांडीवर कागद सरळ केला आणि लाल पेन बाजूला ठेवून साधं पेन काढलं. इतक्या लांबून ऐकू यायला नको होतं, पण थोरल्यांच्या कोटाला लावलेला छोटा ध्वनिक्षेपक बंद करायचा राहिला होता आणि त्यांचे शब्द माझ्या कानातल्या यंत्रात येत होते. "कुठून सुरू करू?" ते विचारत होते. "जे माहीत नाही तिथून," बाई म्हणाल्या. "सगळं सांगा. मला घाई नाही." मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.